दोन नावांमधली दोन वर्षे : धोंडो केशव कर्वे यांनी मागे वळून काय पाहिले

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पुढाकाराने 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन झाली आणि १८९५ साली तिचेच नाव बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' असे ठेवण्यात आले. वरवर पाहणाऱ्याला हा बदल कारकुनी वाटेल. पण दोन्ही नावे हळू वाचली की लक्षात येते, की पहिले नाव विधवेला लग्नाकडे नेऊ पाहते आणि दुसरे तिच्या वाटेतून बाजूला होते. ज्या बाईला पुन्हा संसार मांडायचा आहे तिला कोणी अडवू नये, एवढेच दुसरे नाव मागते. ज्या बाईला तो मांडायचा नाही तिच्याबद्दल ते काहीच बोलत नाही, आणि अण्णांचे, म्हणजे कर्व्यांचे, पुढचे सारे आयुष्य नेमके त्या न बोललेल्या जागेत गेले.

आपल्याच अनुभवाकडे परत पाहून पुढची दिशा ठरवणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मला मराठी समाजाच्या इतिहासात याहून चांगले प्रकरण सापडलेले नाही. चाळिशी-पन्नाशीला आलेली, बरेच काही करून झालेली आणि तरीही 'आता पुढे काय' या प्रश्नापाशी थांबलेली माणसे भेटतात तेव्हा मला ते हटकून आठवते. मागे वळून पाहण्याला आपल्याकडे दोनच रूपे माहीत आहेत. एक हळहळ, 'असे केले असते तर' ही. दुसरे कौतुक, 'काय दिवस होते ते' हे. अण्णांचे पाहणे या दोहोंत बसत नाही. ते गणिताचे शिक्षक होते आणि स्वतःच्या आयुष्याकडेही त्यांनी तसेच पाहिले : काय घडले, कशामुळे घडले, कोणाला किती किंमत पडली आणि हातात काय उरले.

एक सावधगिरी आधीच नोंदवतो. या काळाबद्दल आपल्याला जे कळते त्यातला मोठा भाग त्यांच्याच 'आत्मवृत्त' या पुस्तकातून आलेला आहे आणि ते १९१५ साली, घटनांनंतर वीस-पंचवीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांनी माणूस आपल्या आठवणींना वळण लावतो. त्यामुळे मी शक्यतो त्यांच्या मनोगतापेक्षा तारखा असलेल्या कृतींवर विसंबलो आहे. संस्थेचे नाव बदलणे, दुसरी संस्था काढणे, पैसे कोठे ठेवणे, राहण्याची जागा हलवणे या गोष्टी आठवणींच्या लहरीवर अवलंबून नसतात.

साताऱ्याची वाट

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवली या आजोळगावी झाला आणि बालपण दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या मुरुडला गेले. घरची गरिबी होती आणि स्वभाव कमालीचा लाजाळू, इतका की आपल्या लाजाळूपणाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणारी मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी ते काही सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले. अंतर सुमारे ११० मैल. साताऱ्याला पोहोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखाने या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही.

हा प्रसंग मराठी शाळांत जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरेही काही दिसते. मुलाची तयारी होती, वय भरलेले होते, पाय सुजले तरी तो वेळेवर पोहोचला होता. अडसर त्याच्या अंगात नव्हता, दारावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत होता. लायक माणूस दाराशी येतो आणि दार उघडत नाही, ही स्थिती त्याने सतराव्या वर्षी स्वतःच्या देहावर अनुभवली. पुढे वीस वर्षांनी एका संस्थेच्या नावात 'प्रतिबंध' हा शब्द आला, त्याचा साताऱ्याशी थेट धागा आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. पण तो शब्द निवडणाऱ्या मंडळीत असा अनुभव घेतलेला माणूस होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात सांगता येतात. मॅट्रिक १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. १८८४ साली. मग मुंबईत शाळांतून शिकवणे आणि पहाटेपासून शिकवण्या. मिळकतीतला काही भाग गावासाठी बाजूला काढून 'मुरुड फंड' उभारण्याची सवयही याच काळातली. पैशांचा काटेकोर हिशेब आणि तो पैसा आपला नाही ही जाणीव, या दोन्ही गोष्टी पुढे फार कामाला आल्या.

१८९१ : एक मृत्यू आणि एक निर्णय

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. टिळक आदल्याच वर्षी, कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि गणिताची जागा रिकामी होती. वय तेहतीस, पदरी रघुनाथ हा मुलगा, हाती स्थिर नोकरी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा विधुराला दहा-बारा वर्षांची मुलगी सांगून येणे अगदी स्वाभाविक होते.

येथे पुण्यातली एक जुनी आठवण सर्वांच्या मनात होती. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी एका लहान कुमारिकेशीच विवाह केला होता. रानड्यांच्या मोठेपणाला त्याने बाध येत नाही, पण सुधारकांचे बोलणे आणि वागणे यांत अंतर असते, हा ठपका त्या घटनेने चळवळीला कायमचा चिकटला. अठरा वर्षांनी अण्णा त्याच वळणावर उभे होते. दुसऱ्याच्या भूतकाळातूनही माणूस शिकू शकतो, फक्त तो दोष देण्यासाठी वापरायचा नसतो. अण्णांनी रानड्यांवर टीका केली नाही. त्यांनी एवढेच ठरवले, की लग्न करायचे तर विधवेशी, नाहीतर करायचे नाही.

मुंबईतले त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई अगदी लहानपणी विधवा झाली होती. देवरुखच्या जोशी घराण्यातली ही मुलगी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती आणि तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरात आणि बाहेरही पुढे त्यांना सगळे 'बाया' म्हणत.

मुरुडला काय घडले

लग्नानंतर मुरुडच्या ब्राह्मण मंडळींनी अण्णांवर बहिष्कार घातला. बहिष्कार या शब्दाची धार आज आपल्याला जाणवत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. त्याचा अर्थ असा, की ज्या घराच्या ओटीवर लहानपण गेले त्याच घरी आलेल्या मुलाशी आईने पंक्तिव्यवहार ठेवायचा नाही. ठेवला तर तीही वाळीत पडेल, आणि मग तिच्याकडे श्राद्धपक्षाला भटजी येणार नाहीत, लेकीबाळींची लग्ने अडतील, शेजारीण हळदीकुंकवाला बोलावणार नाही. म्हणजे शिक्षा अपराध्याला होत नाही, ती त्याच्या माणसांना होते. अण्णा पुण्यात पगार घेत होते, कॉलेजात त्यांना मान होता आणि प्राचार्यांच्या जागेवर आगरकरांसारखा माणूस होता. झळ बसली ती मुरुडला राहिलेल्या आई, भाऊ आणि बहीण यांना.

हा प्रसंग घेऊन दोन वाटा सहज निघतात. गावाचा राग धरून आणखी त्वेषाने विधवाविवाह लावत सुटायचे, ही एक. खचून जाऊन गप्प बसायचे, ही दुसरी. दोन्ही वाटांनी गेलेली माणसे त्या पिढीत सापडतात. अण्णांनी सुरुवातीला पहिल्या वाटेवर पाऊल टाकलेही. मंडळी त्याच वर्षी निघाली, निधी जमवण्यासाठी ते सुट्ट्यांत गावोगाव हिंडले आणि पुनर्विवाहित कुटुंबांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून १८९४ मध्ये त्यांचा मेळावाही भरवला. पण हे करत असतानाच त्यांनी मांडलेली बेरीज जुळेना.

न जुळणारी बेरीज

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली होती. विष्णुशास्त्री पंडितांच्या चळवळीतून महाराष्ट्रात असे विवाह १८६९ पासून होऊ लागले होते. म्हणजे अण्णांच्या लग्नाच्या वेळी कायद्याला सदतीस वर्षे होऊन गेली होती आणि तरीही उच्चवर्णीय समाजातल्या अशा लग्नांची गणती हातांच्या बोटांवरून फारशी पुढे सरकत नव्हती. कायदा होता, व्याख्याने होती, शास्त्रार्थ होऊन गेले होते, काही माणसांनी स्वतःचे आयुष्यही पणाला लावले होते. एवढे भांडवल घालून निष्पत्ती इतकी थोडी का, हा प्रश्न गणिताच्या माणसाला टोचल्याशिवाय कसा राहील?

त्यातून कायद्याची दुसरी बाजू होती. त्याच १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. म्हणजे एक आधार सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नव्हता, आणि दुसरा आधारही पुन्हा नवराच. तो गेला, त्याने टाकले किंवा तो मिळालाच नाही, तर तिच्या हातात पहिल्याइतकेही उरत नसे. शिवाय मुलेबाळे असलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या, केशवपन झालेल्या विधवेशी लग्न करायला किती जण पुढे येणार होते? चळवळ जिच्यासाठी म्हणून चालली होती, त्या बहुसंख्य विधवेला चळवळीपासून प्रत्यक्षात काहीच मिळत नव्हते.

हा मुद्दा अण्णांच्या घरातच उभा होता. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाली होती, तिला एक मुलगा होता आणि तिला पुन्हा लग्न करायचे नव्हते. बहिणीचा संसार डोळ्यांसमोर असतानाही तिने तसे ठरवले. तिला शिकायचे होते. मुलाला वाढवायचे होते आणि कोणाच्या तोंडाकडे पाहायचे नव्हते. 'विधवाविवाहोत्तेजक' या शब्दात पार्वतीबाईंना जागा नव्हती. पुढे याच बाई आश्रमाचा कणा झाल्या, निधीसाठी गावोगाव आणि नंतर अमेरिकेपर्यंत गेल्या. पण तेव्हा त्या फक्त एक अडचणीचे उदाहरण होत्या. आपल्या सिद्धान्तात न बसणारे उदाहरण घरात वावरत असेल, तर बहुतेक माणसे त्याला अपवाद म्हणून सोडून देतात. अण्णांनी तसे केले नाही, आणि मला वाटते या सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण तोच आहे.

आणखी एक घटना याच वेळी घडली. १८९३ साली शारदा सदनावर ख्रिस्ती धर्मप्रसाराचा आरोप होऊन पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंच्या कामाचे मोल अण्णांना घरबसल्या ठाऊक होते, कारण त्या शाळेने घडवलेली स्त्री त्यांच्याशेजारी बसत होती. शारदा सदन नसते तर गोदूबाई पोथीपुरतीही अक्षरओळख नसलेल्या, आलवणात गुंडाळलेल्या बाई म्हणून देवरुखच्या एखाद्या स्वयंपाकघरात राहिल्या असत्या. त्यांना तेथून बाहेर काढले ते लग्नाने नव्हे, शाळेने. लग्न नंतर आले. स्वतःच्याच संसाराची ही क्रमवारी नीट पाहिली, तर पुढचे पाऊल कोणते हे जवळजवळ आपोआप ठरते. आधी शिक्षण, आणि तेही लोकांचा विश्वास न तुटेल अशा जागी. त्यानंतर त्या बाईने काय करायचे ते तिचे तिने ठरवावे.

१८९५ साली मंडळीचे नाव बदलले आणि १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष होते रामकृष्ण गोपाळ भांडारकर, ज्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता. अण्णांनी आपल्या शिल्लकेतले एक हजार रुपये या कामात घातले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचा पगार महिना पंचाहत्तर रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रकमेचे वजन कळते.

हिंगण्याची झोपडी

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि शहरातल्या दाटीत आश्रम चालवणे धोक्याचे झाले. गावाबाहेर हिंगणे येथे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि १९०० साली मोजक्या मुली तेथे राहायला गेल्या. आज कर्वेनगर या नावाने जो भाग गजबजलेला आहे, तेथे त्या वेळी शेते, काटेरी झुडपे आणि पायवाट एवढेच होते.

कॉलेजातले तास संपले की अण्णा पुण्यातून सामान घेऊन पायी निघत, चारेक मैलांवर हिंगण्याला मुक्काम करत आणि सकाळी पुन्हा पायी कॉलेजात हजर होत. पावसाळ्यात त्या वाटेवरचा चिखल पायातून वहाण ओढून घेई. चाळिशी ओलांडलेला गणिताचा प्राध्यापक, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातात गाठोडे, मूठभर मुलींच्या आश्रमाकडे अंधारात चालला आहे. सतराव्या वर्षी साताऱ्याची वाट तुडवणारा तोच मुलगा पंचवीस वर्षांनी पुन्हा रोज चालत होता. फरक एवढाच, की या खेपेला दार उघडणारा तो स्वतः होता.

आश्रमाच्या कामासाठी अण्णा विधवाविवाहाच्या चळवळीतल्या पुढाकारापासून दूर झाले. आश्रम म्हणजे विधवांची लग्ने लावण्याचे ठिकाण अशी शंका जरी लोकांना आली असती, तरी एकाही बापाने मुलगी पाठवली नसती. कडव्या सुधारकांना ही माघार वाटली. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला तोच आता सनातन्यांना सांभाळून घेतो, असा आक्षेप आला. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि तो टाळून अण्णांचे गुणगान करणे मला अप्रामाणिक वाटते. लोकांचा विश्वास राखण्यासाठी आश्रमाने त्या वेळच्या चालीरीती पाळल्या आणि सुरुवातीची वर्षे आश्रमाचे दार प्रामुख्याने ब्राह्मण मुलींसाठीच उघडे राहिले. त्याच पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी अर्धशतकापूर्वी सर्व जातींच्या मुलींसाठी शाळा चालवल्या होत्या आणि १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तो अनुभवही उपलब्ध होता. आपल्या भूतकाळाकडे पाहताना अण्णांनी आपल्या समाजाच्या कुंपणाआतच पाहिले, ही त्या पाहण्याची मर्यादा होती.

बायांची बाजू

दुसरी मर्यादा घराच्या उंबरठ्याआत होती. आश्रमाच्या विचारात बायांचे आयुष्य हा पुरावा म्हणून वापरला गेला, पण आश्रमाची किंमत ठरवताना त्यांचे मत फारसे विचारले गेले नाही. अण्णांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. पदरी लहान मुले असलेल्या, एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला त्या कागदाचा अर्थ काय वाटला असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. अण्णांच्या दृष्टीने ती शिल्लक होती. बायांच्या दृष्टीने तो पुन्हा एकदा निराधार होण्याचा दिवस होता. एकाच भूतकाळातून आलेली दोन माणसे एकाच कागदाकडे पाहत होती आणि त्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या.

बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्या भांडल्या, रुसल्या, सुईणीचे शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची खटपट त्यांनी केली, घर चालवले, आणि त्या घरात अडल्यानडल्या बायकांना ठेवून घेतले. विशेष म्हणजे ज्या आश्रमामुळे घरात ओढाताण झाली त्याच आश्रमासाठी त्यांनी पुढे निधीही गोळा केला. त्यांच्या या वागण्यात मला अण्णांच्या हिशेबीपणाइतकेच खरे चिंतन दिसते. त्यांनी आपल्या वैधव्याचा अर्थ सिद्धान्तात मांडला नाही. माझ्यावर जे आले ते दारात उभ्या असलेल्या हिच्यावर येऊ नये, एवढ्या साध्या रीतीने त्यांनी तो वापरला.

आयुष्याचा आढावा घेणाऱ्या कोणालाही हा भाग मी आवर्जून दाखवतो. आपल्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष कितीही शुद्ध असला, तरी त्याची झळ कोणाच्या ताटापर्यंत पोहोचते हे पाहणे त्या आढाव्याचाच भाग असायला हवा. मुरुडचा बहिष्कार आईवर पडला होता, हे अण्णांनी पाहिले होते. आश्रमाचा भार बायांवर पडतो आहे, हे त्यांना उशिरा दिसले.

पुढची वळणे

एकदा असे पाहण्याची सवय लागली की ती थांबत नाही. आश्रमात विधवा शिकू लागल्या तेव्हा अण्णांच्या लक्षात आले, की मुलगी विधवा होईपर्यंत तिच्या शिक्षणाची वाट पाहणे हेच मुळात उलटे आहे. म्हणून १९०७ साली सर्व मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. संस्था एका माणसाच्या पायपिटीवर चालू शकत नाही, हे कळल्यावर १९०८ साली आजीव सेवकांचा निष्काम कर्म मठ निघाला. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झाले. वय सत्तावन्न. बहुतेक माणसे आत्मचरित्र शेवटचा दस्तऐवज म्हणून लिहितात. अण्णांचे आत्मचरित्र बाहेर पडले आणि त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतर सुरू झाले.

त्या सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि तेथे त्यांनी मराठीसारख्या लोकभाषेतून शिक्षण देणाऱ्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते विद्यापीठ प्रत्यक्षात आले, तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव त्याला मिळाले. या वळणाचा पाठलाग मी येथे करत नाही, कारण तो पुष्कळ ठिकाणी झालेला आहे. मला फक्त क्रम दाखवायचा आहे : लग्न, मग आश्रम, मग शाळा, मग विद्यापीठ. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीत कोण सुटले हे पाहिलेले आहे.

म्हणूनच १९४४ हे वर्ष मला विलक्षण वाटते. त्या वर्षी अण्णांनी जातिभेद आणि विषमता दूर करण्यासाठी समता संघ काढला. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती. हिंगण्याच्या पहिल्या वर्षांत जे दार अर्धे बंद राहिले होते, त्याची खंत या कामामागे होती की नाही, हे त्यांच्या तोंडून मी सांगू शकत नाही. कृती मात्र समोर आहे. ज्या वयात माणसाला मागचे सगळे बरोबरच होते असे वाटू लागते, त्या वयात या माणसाने अशा कामाला हात घातला, ज्याच्या नावातच आधी राहून गेलेल्या गोष्टीची कबुली आहे.

त्याच १९४४ साली बायांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. त्यात लहानपणीचे वैधव्य आहे, शारदा सदन आहे, मुरुड आहे, हिंगणे आहे, आणि पैशांवरून झालेली भांडणेही आहेत, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता. ज्या संसाराची एक बाजू १९१५ साली छापून आली होती, त्याची दुसरी बाजू छापून यायला एकोणतीस वर्षे लागली.